दुपारी कमी भरलेला डोंगर

विमानातल्या उंची दाखवणाऱ्या काट्याला उंची कळत नाही, हे मला नोकरीच्या चौथ्या दिवशी समजलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडताच बसून राहिले होते.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी लॅब आहे. शेजारी पत्रे ठोकणारं प्रेस शॉप आहे, त्यामुळे दिवसभर जमीन धपधपत असते. आमच्याकडे मुख्य काम बॉयलरचे, कॉम्प्रेसरचे प्रेशर गेज तपासायचं. आतल्या खोलीत मात्र एक वेगळं टेबल आहे, जाड रबरावर ठेवलेलं. तिथे लहान विमानांचे अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारे काटे, तपासतात. उड्डाण शिकवणाऱ्या शाळांकडून ते स्पंजच्या खोक्यांत येतात. गोल काळी डायल, पांढरे आकडे, घड्याळासारखे काटे. एका काचेच्या भांड्यात तो ठेवायचा, पंपाने भांड्यातली हवा थोडी थोडी ओढून घ्यायची, आणि काटा वर चढताना पाहायचा. टेबल भोसरीत, जमिनीवर, आणि काटा म्हणतो मी दहा हजार फुटांवर आहे.

"त्याला काय बी दिसत न्हाई," टेबलावर काम करणारे काका म्हणाले होते. "आत एक पातळ पत्र्याची डबी हाय. तिच्यातली हवा काढून टाकलेली. भाईरची हवा तिला दाबती. वर गेलं की भाईरची हवा कमी, डबी फुगती, काटा फिरतो. डोस्क्यावर किती हवा घिऊन बसलोय तेवडंच तिला कळतं. बाकी समदं आपन लिवलंय डायलवर."

काका भोसरी गावातल्याच जुन्या घरातले. त्यांची शेतं जिथे होती तिथे आता कारखाने आहेत, आणि त्यातल्याच एका कारखान्यात ते तरुणपणी लागले, मग आमच्या लॅबमध्ये आले. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर अष्टगंध, आणि खिशात एक छोटा गोल शिक्का, त्यावर त्यांचा नंबर. तपासलेल्या प्रत्येक अल्टिमीटरच्या कागदावर तो शिक्का पडल्याशिवाय तो विमानात बसत नाही. लॅबमध्ये गेजचे शिक्के चौघांकडे आहेत. विमानाचा फक्त काकांकडे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पदार्थविज्ञानात बी.एस्सी. झाले ती आमच्या कॉलेजातल्या एका सरांमुळे. स्वतःची पुस्तकं द्यायचे आणि परत मागायचे नाहीत. मी कुरुळीला ताईकडे राहते, दाजी चाकणच्या कंपनीत शिफ्टला असतात. रोज नाशिक रस्त्याने भोसरीला येताना मला वाटायचं, डिग्रीचं काम लागलं खरं, पण डिग्रीतलं काही लागत नाही. त्या चौथ्या दिवशी पहिल्यांदा लागलं. उंचीनुसार हवेचा दाब कसा कमी होतो, ते सूत्र मी परीक्षेत पाठ लिहिलं होतं. ते इथे काचेच्या भांड्यात फिरत होतं.

पुढची दोन वर्षं मी काकांच्या शेजारी बसून आकडे लिहिले. काका वाचायचे, मी लिहायचे. वाचण्याआधी ते काचेवर नखाने एक टिचकी मारायचे, अगदी हलकी. यंत्र कितीही चांगलं असलं तरी काटा कुठेतरी किंचित अडकतो, टिचकीने तो सुटून आपल्या खऱ्या जागी जातो. काका टिचकी मारून कान लावल्यासारखे थांबत आणि मग आकडा सांगत. हजार फुटांवर, दोन हजारांवर, असं वर वर, आणि मग तसंच उतरत खाली.

गेल्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, एक खोकं परत आलं. विदर्भातल्या एका उड्डाण शाळेचा अल्टिमीटर होता. काकांनी तो मार्चमध्ये तपासून शिक्का मारून पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती: जमिनीवर बरोबर दाखवतो, वर गेल्यावर कमी दाखवतो. सहा हजार फुटांवर टॅबलेटमधल्या जीपीएसपेक्षा जवळजवळ चारशे फूट कमी.

चारशे फूट म्हणजे किती, हे सांगायला नको. भोसरीत एवढी उंच इमारत नाही.

काकांनी तो पुन्हा भांड्यात ठेवला. ते वाचत गेले, मी लिहीत गेले. सगळीकडे बरोबर. दहा-वीस फुटांचा फरक, तो चालतो.

"ह्यो बेस हाय," काका म्हणाले. "त्यांचा ट्याबलेट बगा म्हनावं."

हे साहेबांना पटणं शक्य नव्हतं. आमचे साहेब, म्हणजे लॅबचे मालक, आधी वीस वर्षं चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत क्वालिटीला होते. तिथली एक पद्धत त्यांनी आमच्याकडे आणली होती आणि तिच्यावर त्यांची श्रद्धा होती. ग्राहकाची तक्रार आली की एक फॉर्म भरायचा. त्यात चार रकाने: माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. कारण या चारांतच सापडायला हवं. खाली पाच ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला छापलेलं 'का?'. पहिल्या 'का'चं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, असं पाच वेळा. पाचव्या ओळीत मूळ कारण. एकही ओळ रिकामी चालत नाही. आमच्या पट्ट्यात हा फॉर्म सगळीकडे आहे आणि बोल्ट, गिअर, सीलसाठी तो उत्तम चालतो.

"ओके आहे म्हणता, मग कम्प्लेंट कशी आली?" साहेब मला म्हणाले. "मॅडम, तुम्ही ग्रॅज्युएट आहात. तुम्ही भरा फॉर्म. संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर पाहिजे."

मी खूप वेळ तो कागद घेऊन बसले. मशीन? आमचा पंप नुकताच तपासलेला. मटेरियल? काटा तोच. मेथड? तीच, वर्षानुवर्षांची. उरला माणूस. 'का? अल्टिमीटर कमी दाखवतो.' 'का? तपासणीत चूक सुटली.' 'का? वाचन चुकलं असावं.' 'का? तपासनीसाच्या नजरेची मर्यादा.' आणि पाचवा 'का?' समोर आला तेव्हा पेन थांबलं होतं, हे मला आठवतं. मग मी लिहिलं: 'वय'.

मी ते दुष्टपणाने लिहिलं नाही. ओळ रिकामी चालत नव्हती म्हणून लिहिलं. शाळेत असल्यापासून मला कुठलाही प्रश्न कोरा सोडायची भीती वाटते. पण लिहिलं मी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काकांचा शिक्का मागून घेतला आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. "काका, डोळे तपासून घ्या. तोवर पॅकिंगला बसा. वाईट वाटून घेऊ नका, सिस्टिम आहे." फॉर्म कुणी भरला ते साहेब बोलले नाहीत. काकांनी विचारलं नाही. ते बाहेरच्या खोलीत जाऊन स्पंज कापायला लागले. साहेबांचा बेत सरळ होता: महिन्याभरात विमानाच्या टेबलासाठी पुण्याहून नवा माणूस आणायचा. काकांची शेवटची दोन वर्षं पॅकिंगला जाणार होती.

गेज विभागातला एकजण म्हणाला, "काका, आता टिचक्या खोक्यांना मारा!" सगळे हसले. काकाही हसले. "खोकी बरी," ते म्हणाले. "त्यांचा कुनी फारम भरीत न्हाई."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

त्या दुपारी मी तो अल्टिमीटर स्वतः भांड्यात ठेवला. माझी नजर चांगली आहे, मला चष्मा नाही. मी टिचकी मारून वाचत गेले आणि काकांच्या कागदाशी ताडत गेले. सहा हजारांपर्यंत ताडलं. एकही आकडा वेगळा नव्हता. काकांनी अचूक वाचलं होतं, दोन्ही वेळा.

मी साहेबांना सांगितलं. ते चिडले नाहीत. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "चांगलं केलंत. मग कारण काय? ग्राहकाला 'सगळं ओके' असं पाठवता येत नाही. कारण आणा, शिक्का देतो."

कारण शोधायचं कुठे, ते मला कळेना. काचेच्या भांड्यासमोरच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता होता: इतक्या फुटांवर इतका दाब. त्याच्याकडे बघून आम्ही पंप चालवायचो. दोन वर्षांत मी त्या तक्त्याचे दोनच रकाने पाहिले होते, उंची आणि दाब. त्या दिवशी पहिल्यांदा तिसरा रकाना वाचला, कडेचा, बारीक अक्षरातला. तापमान. समुद्रसपाटीला पंधरा अंश. पुढे दर हजार फुटांना सुमारे दोन अंश कमी. सहा हजार फुटांपुढे लिहिलं होतं: तीन.

तीन अंश. बाहेर खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर सहा हजारांच्या थोडं खाली आहे, तिथे एप्रिलच्या दुपारी कुणी तीन अंशांत कुडकुडत असेल का? विदर्भावर तर नाहीच. हा तक्ता कुठल्या गावच्या हवेचा होता?

कुठल्याच गावचा नव्हता. लॅबमधल्या जुन्या हँडबुकच्या पहिल्या पानावर सरळ लिहिलं होतं की ही हवा मानलेली आहे. सगळ्या जगाला एकच मोजमाप असावं म्हणून शास्त्रज्ञांनी एक सरासरी दिवस ठरवला, त्याचा दाब आणि तापमान ठरवलं, आणि जगातले सगळे अल्टिमीटर त्या दिवसाप्रमाणे बनतात. आमच्या डायलवरचे आकडे त्या दिवसाचे होते. पंप त्या दिवसाप्रमाणे चालायचा. आमच्या बंद खोलीत, काचेच्या भांड्यात, काटा नेहमीच बरोबर येणार होता, कारण तिथे आम्ही तोच दिवस बनवत होतो.

आणि बाहेर? बाहेरचं मला वडिलांच्या दुकानामुळे समजलं. उन्हाळ्यात वडील सायकलीत हवा जरा कमी भरायचे आणि गिऱ्हाइकाला बजावायचे, उन्हात उभी करू नका. हवा तापली की फुगायला बघते. सायकलमध्ये तिला ट्यूब अडवते, म्हणून दाब वाढतो आणि ट्यूब फुटते. आभाळाला ट्यूब नाही. तिथे तापलेली हवा नुसती वर फुगते. म्हणजे थंडीत जेवढी हवा पाच हजार फुटांत मावत होती, तिला उन्हाळ्यात त्याहून तीन-चारशे फूट जास्त लागतात. हवेचं वजन तेवढंच, पण ती उंच झालेली. विमान त्या फुगलेल्या हवेतून वर चढतं, आणि आतली डबी बिचारी डोक्यावरचं वजन मोजून सांगते, सहा हजार. विमान खरं म्हणजे त्याहून वर असतं. जमिनीवर असताना खाली फुगायला हवाच नसते, म्हणून तिथे काटा बरोबर.

मी कागदावर गणित मांडलं. तक्त्यापेक्षा हवा दहा अंशांनी जास्त तापली की सुमारे चार टक्के फरक. विदर्भातली वीस अंश जास्त. काट्यावरचे सहा हजार समुद्रसपाटीपासूनचे; धावपट्टीच हजार फुटांवर, म्हणजे तिच्यापासून वरची उंची पाच हजार फूट. उत्तर चारशेच्या जरा खाली आलं. चिठ्ठीतला आकडा.

मी उठले आणि मागच्या जिन्यावर जाऊन आकाशाकडे पाहिलं. पांढुरकं, धुरकट, रोजचं आकाश. मला ते आता वेगळं दिसत होतं. सगळं आकाश दर दुपारी फुगून वर जातं आणि पहाटे खाली बसतं, आणि आपण त्याच्या तळाशी शिफ्ट बदलत असतो, बस पकडत असतो. मला कॉलेजातल्या सरांची आठवण आली. ते सूत्र शिकवताना त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'तापमान स्थिर मानू.' आम्ही मानलं होतं. पाच वर्षं मी ते मानूनच चालले होते.

काका बाहेर खोकी बांधत होते. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. सायकलीचं ऐकून त्यांची मान हलायला लागली.

"म्हंजी काटा बरुबर, अन् आभाळ चुकलं?"

"आभाळ आपल्या जागी बरोबर आहे, काका. तक्ता दुसऱ्या दिवसाचा आहे."

"साहेबाला कागदावर दावशील तर त्यो म्हनंल, ग्र्याजुएट हाय, काय बी लिवती," काका म्हणाले. "त्याला डोळ्यानं दिसंल असं काय तरी पायजे." थोडं थांबून म्हणाले, "उंच जागा पायजे ना? मोजलेली? चाकनच्या पल्ल्याड आमच्या भैनीचं गाव हाय. गावामागं डोंगर. वर टावर हाय मोबाइलचा. भाचा जमिनीच्या मोजनीची कामं करतो, मशीन लावून फूट न् फूट काडून देतो."

गुरुवारी आमच्या वसाहतीला सुट्टी असते. त्या गुरुवारी उजाडायच्या आधी काका स्कूटर घेऊन कुरुळीच्या फाट्यावर आले. माझ्या मांडीवर स्पंजच्या खोक्यात दोन अल्टिमीटर होते, लॅबचे स्वतःचे, सरावासाठी ठेवलेले. ग्राहकाचा बाहेर नेता येत नाही. दोन्हींच्या कागदांवर काकांचाच शिक्का होता, आधीचा.

भाच्याने आदल्याच दिवशी मोजून ठेवलं होतं: खाली शाळेची पायरी, वर टॉवरचा चौथरा, मध्ये सहाशे दहा फूट. पायरीवर आम्ही दोन्ही काटे शेजारी ठेवून एकाच आकड्यावर आणले. एक काकांकडे राहिला, दुसरा घेऊन मी वर गेले. हवेचा दाब दिवसभरात आपणहून थोडा हलतो, म्हणून दोघांनी एकाच मिनिटाला वाचायचं आणि वजाबाकी करायची, असं ठरलं होतं.

वर पोचले तेव्हा सात वाजायचे होते. थर्मामीटर चोवीस दाखवत होता. खाली चाकणच्या शेडची छपरं धुक्यासारख्या धुरात लांबवर पसरली होती. मी गणित करून ठेवलं होतं: सकाळी वजाबाकी सहाशे दहा येणार नाही, पाचशे त्र्याऐंशीच्या आसपास येईल.

"हां, मार टिचकी," फोनवर काकांचा आवाज आला. "जोरात नगं. माशी उठंल एवडीच."

मी वाचलं. त्यांनी वाचलं. वजाबाकी आली पाचशे ऐंशी.

मी खाली उतरले. काकांच्या बहिणीने पिठलं-भाकरी वाढली आणि विचारलं, "डोंगर मोजून काय करनार? इकायचाय का?"

"डोंगर दुपारी बारीक व्हतो का ते बघायचंय," काका म्हणाले.

"तू तर सकाळपास्नंच बारीक झालायस," बहीण म्हणाली. काकांनी भाकरी मोडली. शिक्का काढून घेतल्याचं त्यांनी बहिणीला सांगितलेलं असावं.

अडीच वाजता मी पुन्हा चढायला लागले. दगड तापले होते, चपलेतून पाय भाजत होते. टॉवरच्या चौथऱ्यापाशी थर्मामीटर अडतीसच्या पुढे गेला. माझ्या कागदावर दुपारसाठी लिहिलेला आकडा होता पाचशे पंचावन्न. डोंगर आहे तिथेच होता. चौथरा तोच, पायरी तीच. आता जर पुन्हा पाचशे ऐंशी आले असते, तर माझं सगळं गणित खोटं आणि त्या फॉर्मवरचं 'वय' खरं.

"वाच," काका म्हणाले.

टिचकी मारली. काटा किंचित सरकला, थांबला. मी आकडा सांगितला. फोनवर काका पुटपुटत वजाबाकी करत होते.

"पाचशे पन्नास... न्हाई, थांब. पाचशे पंचावन. पोरी, पंचावन आलं गं!"

मी चौथऱ्यावर बसले. सकाळपासून हवा इतकी फुगली होती की काट्याच्या लेखी डोंगर पंचवीस फूट खचला होता. ज्या हवेत मी उभी होते, जी छातीत घेत होते, तिला मी हातातल्या डायलवर वाढलेली पाहत होते. कागदावर मी आदल्या दिवशी जो आकडा लिहिला, तो आकाशाने आणून दिला होता. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी उन्हाकडे असं पाहिलं नव्हतं. ऊन म्हणजे सोसायची गोष्ट. मला एकटीला ते मोजायला मिळालं होतं, कुणीतरी परत न मागितलेल्या पुस्तकांमुळे.

आणि तेव्हाच, का कोण जाणे, मी बोलून गेले. समोरासमोर मला ते कधीच जमलं नसतं.

"काका, फॉर्म मी भरला होता. 'वय' मी लिहिलं."

खाली शाळेच्या पायरीवर एक ठिपका दिसत होता, त्यांच्या पांढऱ्या टोपीचा.

"तुजं अक्शर मी दोन वरीस बगतोय," काका म्हणाले. मग म्हणाले, "ऊन लय हाय. खाली ये आदी."

शुक्रवारी आम्ही साहेबांपुढे कागद ठेवला. डोंगराचे दोन आकडे, थर्मामीटरचे दोन आकडे, माझं गणित. साहेबांनी तो तीनदा वाचला. माणूस प्रामाणिक, पण सवय सुटेना. "हे चारांत कशात बसवायचं?" ते म्हणाले. "हवा म्हणजे मटेरियल धरायचं का?" शेवटी त्यांनी थेट उड्डाण शाळेच्या मुख्य प्रशिक्षक मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी वाचून दाखवलं.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अहो, हे आमच्याकडून कुणी पाठवलं तुम्हाला? आमच्या एका नवीन विद्यार्थ्याने टॅबलेट बघून नोंद केली असणार, आणि स्टोअरने डोळे झाकून खोकं बांधलं. माफ करा हं. उन्हाळ्यात असंच दिसतं. आम्ही वर्गात शिकवतो हे."

"पण मॅडम, मग विमानं धडकत कशी नाहीत?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"कारण सगळे सारखेच चुकतात, सर. माझं विमान चारशे फूट वर असेल तर त्याच जागी माझ्या खालचंही जवळजवळ तेवढंच वर असतं. एकच तक्ता सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, त्यामुळे मधलं अंतर राहतं. एखाद्याने आपला काटा हुशारीने 'खरा' करून घेतला ना, की तो एकटा धोक्याचा."

भोसरीत साहेब किंवा पुण्याहून येणारा नवा माणूस काट्यामागचा स्क्रू फिरवून चारशे फूट 'दुरुस्त' करून देऊ शकले असते, ग्राहक खूश होईल म्हणून.

काका आतापर्यंत दाराशी उभे होते. ते फोनजवळ आले. "म्याडम, म्या शिक्का मारनारा. एक इचारू? उन्हात इमान वर ऱ्हातं. मग थंडीत?"

"थंडीत उलटं, काका," मॅडमचा आवाज बदलला. "हवा आक्रसते. काटा म्हणतो तुम्ही इतके उंच आहात, आणि विमान त्याच्या खाली असतं. बर्फाच्या डोंगरांत ते जिवावर बेततं. म्हणून तिथे वैमानिक तापमान बघतात, तक्त्यातून किती फूट वाढवायचे ते काढतात, आणि तेवढं उंच उडतात."

"म्हंजी आमी दिलेला काटा तुमी परत हिशोबानं वाचता."

"हो. पण तो हिशोब कशावर बसतो? काटा तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर असेल तरच. तुमचा काटा पन्नास फूट इकडेतिकडे असेल तर आमची वजाबाकी-बेरीज सगळी वाया. तुमचा काटा चांगला आहे. तसाच परत पाठवा."

काकांचा चष्मा धुरकटला होता, तो त्यांनी शर्टाला पुसला.

साहेबांनी फोन ठेवला. ड्रॉवर उघडून शिक्का टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, चुकलं." मग फॉर्म पुढे ओढून चार रकान्यांच्या शेजारी पट्टी धरून पेनाने पाचवा आखला आणि वर लिहिलं, 'हवा'. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, तुमची ती ओळ तुम्हीच खोडा. सही करून." मी 'वय'वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: माझी चूक.

शिक्का मिळाला तरी काकांनी तो लगेच मारला नाही. "आट दिवस खोक्यात पडून हाय काटा," ते म्हणाले. "परत पयल्यापास्नं तपासनार."

आम्ही आतल्या खोलीत गेलो. मी वही घेऊन माझ्या स्टुलाकडे वळले, तेव्हा काकांनी पायाने स्टूल माझ्यापासून दूर सरकवलं आणि स्वतः त्यावर बसले. वही माझ्या हातातून घेतली.

"तू वाच. मी लिवतो."

"काका, तुमचा शिक्का..."

"शिक्का माजाच. पर एक आकडा तू वाचायचा, एक मी. म्हंजी बग, उद्या फारम आलाच, तर पाचव्या ओळीत कुनाचं वय लिवायचं ते साहेबाला समजाया नगं."

ते हसले, आणि मग मीही. पंप सुरू झाला. काचेच्या भांड्यातली हवा ओढली जाऊ लागली, काटा त्या कुठेही नसलेल्या, सगळ्यांनी मिळून मानलेल्या दिवसात हळूहळू वर चढत गेला. हजार फुटांवर मी काचेला नख लावलं.

"हळू," काका म्हणाले. "हां. आता सांग."